पाचातले एक झाड

त्या माणसाला मी क्षमा केलेली नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज व्हायला नको. आता मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. मुले मोठी झाली आहेत, आणि या वयात माणसाने जुन्या गोष्टी सोडून द्याव्यात असे बायको म्हणते. ती बरोबर म्हणत असेल. मी सोडलेल्या नाहीत.

मी मूळ चांदूर बाजारकडचा. घरची काळी जमीन, तीन भाऊ. मी मॅट्रिक झालो आणि अकोल्याला कापसाच्या संशोधनाच्या सरकारी शेतावर सहायक म्हणून लागलो. माझे काम चिठ्ठ्या बांधणे, फुलांचे संकर करणे आणि झाडे मोजणे. शेवटचे काम मला मनापासून आवडे. एकदा मोजलेले मी दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजतो. दोन्ही वेळा एकच आकडा आला तरच लिहितो. घरात आंब्याची पाटी आली तरी माझे हेच चालते, आणि त्यावरून मुले हसतात.

छप्पन साली वऱ्हाड नव्या राज्यात गेले आणि वर्षभरात आमच्या शेतावर पुण्याकडचे साहेब आले. गोरे, उंच, हातात वेताची छडी. बोलणे अगदी छापल्यासारखे. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो, "सायेब, मले वाटते यंदा बियाणं थोडं लवकर टाकावं." त्यांनी शेजारच्या कारकुनाकडे पाहिले आणि विचारले, "हे काय म्हणाले?" कारकुनाने माझे वाक्य शुद्ध करून सांगितले. त्या दिवसापासून साहेब माझे बोलणे दरवेळी कोणाकडून तरी शुद्ध करून घेत. मला समजत नसे अशातला भाग नव्हता. मला ते समजावे म्हणूनच ते करत.

तरी एवढ्यावर मी डूख धरला नसता. कारण पुढे आहे.

शेतावर देशी कापसाचे दोन वाण होते. एकाचे पान अरुंद, हाताची बोटे पसरावीत तसे फाटलेले, आणि त्याच्या बोंडात कापूस निघे तो खाकी. दुसऱ्याचे पान रुंद आणि कापूस पांढरा. साहेबांनी या दोघांचा संकर करवला. पहिल्या पिढीत सगळी झाडे अरुंद पानाची आणि फिक्या खाकी कापसाची झाली. म्हणजे रुंद पान आणि पांढरा रंग हे दोन्ही गुण त्या पिढीत दबून बसले. दुसऱ्या पिढीत ते पुन्हा वर येतात. एकेका गुणाचा विचार केला तर चार झाडांत तीन आणि एक, असा वाटा पडतो. दोन गुण एकमेकांशी संबंध न ठेवता आपापले चालत असतील, तर सोळा झाडांमागे नऊ, तीन, तीन आणि एक असे चार गट पडतात. हे पुस्तकात आहे. साहेबांना ते पाठ होते, आणि दोन्ही गुण स्वतंत्र आहेत असे टिपण मोजणीच्या आधीच लिहून त्यांनी वर पाठवून दिले होते. ही दुसरी गोष्ट मला नंतर कळली.

मोजणी माझ्याकडे होती. आमची पद्धत साधी होती. चार टोपल्या घ्यायच्या: अरुंद-खाकी, अरुंद-पांढरा, रुंद-खाकी, रुंद-पांढरा. प्रत्येक झाडाजवळ जायचे, पान पाहायचे, त्याचे एक फुटलेले बोंड तोडायचे आणि ज्या टोपलीत जायला हवे त्या टोपलीत टाकायचे. सगळे वावर फिरून झाले की टोपल्यांतली बोंडे मोजायची. चुकण्याला जागाच नाही. शिवाय मी प्रत्येक तासाचा, म्हणजे झाडांच्या प्रत्येक ओळीचा, आकडा खिशातल्या वहीत उतरवत असे.

उभी झाडे तीनशे अडुसष्ट. माझे आकडे असे आले: अरुंद-खाकी दोनशे बेचाळीस, अरुंद-पांढरा बत्तीस, रुंद-खाकी पस्तीस, रुंद-पांढरा एकोणसाठ.

पुस्तकाप्रमाणे ते साधारण दोनशे सात, एकोणसत्तर, एकोणसत्तर आणि तेवीस यायला हवे होते. मी पुन्हा मोजले. तेच आले. मी टोपल्या घेऊन साहेबांच्या खोलीसमोरच्या व्हरांड्यात गेलो.

साहेबांनी कागद पाहिला. "एकोणसाठ? तेवीसच्या जागी एकोणसाठ?"

"हो सायेब. दोनदा मोजले."

"बियाण्यात मिसळ झाली असेल. नाहीतर तुम्ही झाडं न बघता टोपल्या भरल्या."

"नाई सायेब. एकेक झाड पाहिलं म्या. मिसळ असती त नुसतं पानही—"

मला पुढे सांगायचे होते की नुसते पान पाहिले तर तीनास एक बरोबर येते, नुसता रंग पाहिला तरी तीनास एक बरोबर येते. रुंद पानाचे बियाणे मिसळले असते तर रुंद पाने चौथाईच्या वर गेली असती. तशी ती गेलेली नव्हती. दोन्ही गुण वेगवेगळे मोजले तर हिशेबात बसत होते, एकत्र मोजले तर बसत नव्हते. एवढे मला तेव्हाही दिसले होते. का, ते माहीत नव्हते.

पण साहेबांनी मला वाक्य पुरे करू दिले नाही. ते कारकुनाकडे वळून म्हणाले, "ज्याला मला-तुला धड म्हणता येत नाही, तो चार खाने काय मोजणार?" कारकून हसला. मग साहेबांनी छडीच्या टोकाने पहिली टोपली दुसरीत उपडी केली. मग तिसरी. मग चौथी. सगळी बोंडे एका ढिगात गेली.

"हं," ते म्हणाले, "आता मोजा."

बोंडावरून पान कळत नाही. चार टोपल्यांची एक टोपली झाली की मोजणी मेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात जाऊन पुन्हा बोंडे तोडणार होतो. मी पोहोचलो तेव्हा मजूर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, उपटत होते. साहेबांचा हुकूम होता. हंगाम संपला, वावर मोकळे करा.

मग वार्षिक अहवाल छापून आला. त्यात त्या वावराचे आकडे होते: दोनशे नऊ, सदुसष्ट, सत्तर, बावीस. बेरीज तीनशे अडुसष्ट. बेरीज मात्र माझीच ठेवली होती.

त्याच महिन्यात मला कार्यालयीन पत्र आले. माझ्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा आहे, तो नियमाप्रमाणे कळवण्यात येत आहे. शेरा एका ओळीचा होता: याच्या मोजणीवर विसंबता येत नाही.

मी ते पत्र व्हरांड्यातच वाचले. ज्या जागी टोपल्या उपड्या झाल्या होत्या, त्याच जागी उभा राहून वाचले. मी आळशी आहे असे लिहिले असते, उद्धट आहे असे लिहिले असते, मला हसू आले असते. या माणसाने शोधून नेमके तेवढेच काढून घेतले होते जे माझ्याजवळ होते. मी नियमाप्रमाणे अर्ज केला. उत्तर आले की विचार करता येत नाही. आणि माझी बदली अमरावतीच्या लहान शेतावर झाली.

त्या दिवशी मी ठरवले की हा शेरा त्याच माणसाच्या हाताने खोडवून घ्यायचा, आणि खोडताना चार माणसांनी त्याला पाहायचे.

अमरावतीच्या शेताचे प्रमुख निवृत्तीला टेकलेले होते. तिवस्याकडचे, जाड चष्म्याचे, दिवसभर पान खाणारे. माझे पत्र त्यांनी वाचलेले होते. पहिल्या दिवशी म्हणाले, "अरे बाप्पा, तू काय केलं असं की तुले इकडे फेकलं?"

मी खिशातली वही काढून त्यांना चार आकडे दाखवले. त्यांनी चष्मा वर केला आणि वही डोळ्यांजवळ नेली. मग उठून गोठ्यात गेले आणि बैलाचे दोन कासरे घेऊन आले. एक काळा, एक पांढरा.

"हे पाय," त्यांनी काळ्या कासऱ्याला दोन गाठी मारल्या. "ही गाठ अरुंद पान, ही गाठ खाकी रंग. दोन्ही एकाच दोरावर." तशाच दोन गाठी पांढऱ्या कासऱ्यालाही मारल्या. "ही रुंद पान, ही पांढरा रंग. झाडाच्या पोटात असे दोर जोडीजोडीनं असतात. बी तयार व्हायच्या आधी दोन्ही दोर शेजारी येतात, कुठंतरी कापले जातात, अन् अर्धा याचा त्याले, अर्धा त्याचा याले जोडला जातो. आता हा काप दोन गाठींच्या मधात पडला तर?"

"तर अरुंद पान पांढऱ्या रंगाकडे जाईल."

"अन् गाठी जवळजवळ असल्या तर?"

"तर काप मधात पडण्याचा मोका कमी. मग गाठी सोबतच राहतील."

"झालं. तुह्ये आकडे बरोबर हायेत. तुह्या साहेबानं दोन गाठी दोन वेगळ्या दोरांवर धरल्या, म्हणून त्याचे नऊ-तीन-तीन-एक." ते पान थुंकून आले. "किती वेळा सुटतात ते मोजलं की गाठी किती दूर हायेत ते कळते. दुसऱ्या पिढीत ते काढाले वाकडं जाते. पहिल्या पिढीचं झाड घे, रुंद-पांढऱ्याशी लाव. मग काही लपून राहत नाई. जो सुटला तो उघडा दिसते."

मी दोन्ही कासरे घरी नेले. बायकोने विचारले बैल कुठे आहेत.

तीन हंगाम लागले. पहिल्या हंगामात दोन मूळ वाणांचा संकर. दुसऱ्यात त्या संकराच्या झाडांवर रुंद-पांढऱ्याचे परागकण. रोज दुपार उतरली की उद्या फुलणारी कळी शोधायची, तिचे केसर चिमट्याने काढायचे, कागदाची नळी घालायची, आणि सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान तिच्यावर दुसऱ्या फुलाचे पराग लावून लाल धागा बांधायचा. प्रत्येक धागा बांधताना माझ्या डोळ्यांसमोर ती छडी असे. हे मी लपवत नाही. लोक म्हणतात सुडाने माणसाचे कामावरून लक्ष उडते. माझे तसे झाले नाही. इतके नीट काम मी पूर्वीही केले नव्हते आणि नंतरही केले नाही.

तिसऱ्या हंगामात बारा तास, प्रत्येकी वीस झाडे, एकूण दोनशे चाळीस. झाडे वीतभर झाली, पानाचा आकार दिसू लागला, पण बोंडाचा पत्ताच नव्हता. तेव्हाच मी प्रत्येक झाडाला मेण लावलेली चिठ्ठी बांधली. अरुंद पान असेल तर चिठ्ठीवर "खाकी". रुंद असेल तर "पांढरा". खाली तास आणि झाडाचा क्रमांक. मग प्रमुखांच्या सहीने अकोल्याला पत्र पाठवले. पाचात एक हा हिशेब प्रमुखांनी माझ्या वहीतल्या आकड्यांवरून काढून दिला होता, मजकूर माझा होता: दोन महिन्यांनी फुटणाऱ्या बोंडाचा रंग आजच पानावरून लिहून ठेवला आहे. पाचात चार झाडांचा बरोबर येईल, एकाचा चुकेल. दिवाळीनंतरच्या पाहणीत खात्री करून घ्यावी.

पाहणीला साहेब येणार होतेच. त्यांच्यासोबत त्या वर्षी दिल्लीहून एक वृद्ध शास्त्रज्ञ येणार होते, ज्यांच्यासमोर साहेब खुर्चीत मागे टेकून बसत नसत.

चूक माझ्या हातून झाली ती इथे.

शेतावर रोजाने येणाऱ्या बायांची एक मुख्य होती. वय पन्नासच्या आसपास. छप्पन साली धम्म घेतलेली. तेव्हापासून कोणी जुन्या रीतीने हाक मारली तर ओ देत नसे. मी तिला मावशी म्हणत असे, ती मला भाऊ. वाणाच्या वावरात भेसळ शोधण्यात तिचा हात कोणी धरत नसे. संशोधनाच्या शेतावर तेच मोठे काम असते. चिठ्ठी एका वाणाची आणि झाड दुसरेच दिसले की उपटायचे, नाहीतर बियाणे बिघडते. हा नियम साहेबांनीच सगळ्या शेतांवर छापून लावला होता: चिठ्ठी आणि झाड जुळत नसेल तर विचारू नका, उपटा.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी सकाळी स्टेशनवर पाहुण्यांच्या टांग्याची व्यवस्था करायला गेलो. अकराला परत आलो. बाया माझ्या वावरात होत्या. मावशी नवव्या तासाच्या तोंडाशी उभी होती आणि मागच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग पडला होता.

मी पळत गेलो. "मावशी! हे काय करून राहिल्या तुमी?"

"काहून? उद्या सायेब येऊन राह्यला ना, वावर साफ पाह्यजे." तिने हातातले झाड वर धरले. "हे पाय. चिठ्ठीवर पांढरा लेयलं, अन् बोंड खाकी. पोरीकडून वाचून घेतलं म्या. भेसळच भेसळ होती भाऊ तुह्या वावरात. एवढं शिकून तुले दिसली नाई?"

मागच्या बाया हसल्या. एक म्हणाली, "भाऊचा चष्मा बदला माय."

मी ढिगाकडे पाहिले. आठ तासांतले प्रत्येक अपवादाचे झाड, जिथे माझा अंदाज चुकला होता ते प्रत्येक झाड, त्यांनी काढून टाकले होते. नियमाप्रमाणे. बिनचूक.

बायांना मी सांगायला हवे होते की या वावरात भेसळ उपटायची नाही. ते सांगायचे माझ्या डोक्यातच आले नव्हते, कारण तीन वर्षे माझ्या डोक्यात एकच माणूस होता.

"बाकी चार तास राहू देऊ का करू पुरे?" मावशीने विचारले.

खरे सांगायचे तर मी उभा राहून विचार केला. चार तास पुरे झाले तर उद्या वावरात जे उभे असेल त्याची प्रत्येक चिठ्ठी खरी ठरणार होती. एकही चूक नाही. दोन महिने आधी पानावरून सांगितलेला रंग, आणि शंभरातली शंभर बोंडे तशीच. साहेबांचे तोंड कसे होईल ते मला दिसले. गोड दिसले. उपटलेल्या झाडांचे खड्डे बुजवायला अर्धा तास पुरला असता.

मी "नको" म्हणालो. लोक मला प्रामाणिक समजतात आणि मी त्यांना समजू देतो, पण त्या दिवशीचे कारण वेगळे होते. मी पत्रात लिहून दिले होते की पाचात एक चुकेल. एकही चुकले नाही तर माझे पत्र खोटे पडत होते. आणि माझ्या मोजणीवर विसंबता येत नाही असा जो शेरा मारला गेला होता, तो मी स्वतःच्या हाताने खरा करत होतो. साहेबाला त्याच्या शेऱ्यासकट जिंकू द्यायचे नव्हते. मला अर्धा सूड नको होता.

"मावशी, हे ढिगातलं एकेक झाड ज्याच्या त्याच्या खड्ड्यात परत न्यायचं."

"बाई माय! उपटलेलं झाड लागते का कधी?"

"लावायचं नाई. नुसतं त्याच्या जागेवर आडवं ठेवायचं. चिठ्ठीवर नंबर हाये."

तिने पदर खोचला आणि बायांना म्हणाली, "चला गं. भाऊची भेसळ भाऊले परत पाह्यजे." एकतीस झाडे भरली. प्रत्येक आपल्या खड्ड्याशी आडवे ठेवले आणि पाने वाळू नयेत म्हणून वरून ओली बारदाने टाकली. कामे उरकल्यावर मावशी म्हणाली, "मी चुकली का भाऊ?"

"नाई. मी चुकलो."

सकाळी नऊला पाहुणे आले. दिल्लीचे शास्त्रज्ञ काठी टेकत चालत होते, साहेब एक पाऊल मागे. बारदाने काढली. उभी झाडे आणि त्यांच्यामध्ये आडवी पडलेली झाडे पाहून साहेबांचा चेहरा उजळला.

"हे काय आहे? प्रयोगाच्या वावरात झाडं उपटली कोणी?"

"माझ्या चुकीनं उपटली गेली," मी म्हणालो. त्या दिवशी मी शुद्ध बोललो. रात्रभर वाक्ये पाठ केली होती. "या वावरात भेसळ काढायची नाही, हे बायांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. एकतीस झाडं आहेत. प्रत्येक त्याच्या जागेवर, चिठ्ठीसकट. चूक मी लिहून दिली आहे."

"बघा," साहेब पाहुण्यांना म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, निष्काळजी माणूस."

पाहुण्यांनी काठीने एक आडवे झाड उलटे केले, चिठ्ठी वाचली, बोंड पाहिले, पान पाहिले. मग शेजारचे उभे झाड. मग पुढचे. दोन ओळी ते असेच चालत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी नव्हती.

"सगळी मोजली आहेत?" त्यांनी हिंदीत विचारले.

या प्रश्नाची मी तीन वर्षे वाट पाहिली होती.

"नाही साहेब. माझ्या मोजणीवर विसंबता येत नाही, असं माझ्या गोपनीय अहवालात लिहिलेलं आहे. म्हणून मोजणी आमच्या साहेबांनी स्वतः करावी, अशी विनंती आहे."

मावशीने चार टोपल्या आणून साहेबांच्या पायाशी ठेवल्या. मी तिला तसे सांगितलेले नव्हते. तिला अकोल्याची गोष्ट ठाऊक होती. बायांना अशा गोष्टी ठाऊक असतात. वर म्हणाली, "सायेब, एक टोपली दुसरीत सांडू देऊ नका हो."

पाहुणे धुऱ्यावरच्या बाकावर बसले आणि मान हलवली. साहेबांना मोजणी करावी लागली. बाराही ओळी. कोट काढून, वाकून, प्रत्येक झाडाचे एक बोंड. उभ्या झाडाला कमरेतून वाकायचे, आडव्याला गुडघ्यातून. मी सोबत चालत होतो, छडी मला धरायला दिली होती. ऊन तापले होते, आणि मला ते कमीच वाटत होते.

अरुंद-खाकी नव्याण्णव. अरुंद-पांढरा बावीस. रुंद-खाकी पंचवीस. रुंद-पांढरा चौऱ्याण्णव. सुटलेली झाडे सत्तेचाळीस. दोनशे चाळीसचा पाचवा हिस्सा अठ्ठेचाळीस होतो.

पाहुण्यांनी खिशातून पेन्सिल काढली. चिठ्ठीच्या पाठीवर थोडे गणित केले. मग पिशवीतून अकोल्याचा छापील अहवाल काढला आणि पान शोधले.

"गाठी इतक्या जवळ असतील," ते म्हणाले, "तर तुमच्या दुसऱ्या पिढीत रुंद-पांढरा साठच्या आसपास यायला हवा होता. इथे बावीस छापले आहे."

साहेब घाम पुसत होते. "मोजणीत काही चूक झाली असेल."

"कोणाच्या, साहेब?" मी विचारले. आणि खिशातली वही काढून ते पान उघडून पाहुण्यांच्या हातात दिले. तासवार आकडे, तारखेसकट, पेन्सिल उडालेली, घामाने कोपरे गेलेले. खाली बेरीज: एकोणसाठ.

पाहुण्यांनी वही पाहिली, अहवाल पाहिला आणि साहेबांकडे पाहिले. ते फक्त म्हणाले, "बावीस?" मावशी आणि पंधरा बाया धुऱ्यावर उभ्या होत्या. त्यांना आकडा कळला नसेल, पण साहेबांचा चेहरा वाचता येत होता.

"एक चूक मी लिहून दिली," मी म्हणालो. "दुसरी लिहून द्यायची राहिली आहे."

महिनाभराने पत्र आले. शेरा रद्द करण्यात आला आहे. मी त्यावर थांबलो नाही. अकोल्याला गेलो आणि मोठ्या कारकुनाला म्हणालो की खोडलेला कागद मला डोळ्यांनी पाहायचा आहे. हा तोच कारकून, जो तेव्हा हसला होता. या वेळी हसला नाही. त्याने फाईल काढून समोर ठेवली.

साहेबांनी शेऱ्यावर रेघ मारली होती. एकच रेघ, पातळ, मधून. खाली सही. रेघेखाली प्रत्येक शब्द स्वच्छ वाचता येत होता.

मी ते कारकुनाला दाखवले. तो म्हणाला, "नियमात एक रेघ पुरते."

आज ते साहेब निवृत्त होऊन अमरावतीतच राहतात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांच्या मुलीचे सासर इथे आहे. रोज संध्याकाळी त्याच वेताच्या छडीसह ते माझ्या घरावरून फिरायला जातात. दुसरा रस्ता आहे, पण तिकडे चढ आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात.

मी दरवर्षी कुंपणाच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला, एकच पऱ्हाटी लावतो. रुंद पान आणि खाकी कापूस. त्या पंचविसांतल्या एकाचे बी मी जपून ठेवले आहे. झाड वीतभर झाले की त्याला "पांढरा" लिहिलेली मेणाची चिठ्ठी बांधतो. मावशी आता थकली आहे, पण निंदणाच्या दिवसांत एकदा येतेच, आणि फाटकातूनच ओरडते, "भाऊ, चिठ्ठी अन् झाड जमून नाई राह्यलं. उपटू का?"

"उपटून पाय," मी म्हणतो.

गेल्या दिवाळीनंतर साहेब कुंपणाशी थांबले. बोंड फुटलेले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली नाही, वाचायची गरज नव्हती. बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती उठून आत गेली, मी काहीतरी बोलेन या भीतीने.

"अजून किती वर्षं लावणार हे?" त्यांनी विचारले. आवाज पूर्वीसारखाच, छापल्यासारखा.

"तुमची रेघ जाड होईपर्यंत, सायेब."

ते छडी टेकत पुढे गेले. मी बोंड तोडले, सरकी काढली आणि मोजली. एकवीस दाणे. पुन्हा मोजली. एकवीस. यंदा पुरतील.